कागदमुक्त परिषदा कोणाच्या सोयीच्या?

मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा गेल्या दशकभरात कागदमुक्त होत चालल्या आहेत आणि त्याबद्दल यजमान देशांपासून संयुक्त राष्ट्रांपर्यंत सगळे स्वतःची पाठ थोपटून घेत आहेत. २०१२ साली रिओ द जानेरोत शाश्वत विकासाची परिषद भरली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी ‘पेपरस्मार्ट’ नावाची पद्धत राबवली. कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवायची आणि छापील प्रत मागेल त्यालाच द्यायची, असा तिचा गाभा. पुढे तीच रीत पडून गेली. हवामान आणि जंगले वाचवण्यासाठी जमलेल्या माणसांनी कागदाचे ढीग मागे सोडावेत हे शोभत नाही, हा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी फारशी कोणी केली नाही. या हिशेबात कागदाचे वजन धरले गेले, त्याचे काम मात्र सुटले, असे माझे म्हणणे आहे. छापील कागद हे परिषदेत ज्यांना खुर्चीच मिळाली नाही त्यांचे साधन आहे आणि खुर्ची आहे पण हाताशी माणसे नाहीत अशा लहान देशांचेही. तो नाहीसा झाला तर बलाढ्य देशांचे काही अडत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत, दुभाषे आहेत आणि मसुदा जिथे लिहिला जातो त्या बंद खोलीचे दारही त्यांना उघडे असते.

हे साधन आजचे नाही. १९०७ साली हेगमध्ये दुसरी शांतता परिषद भरली आणि तिला ४४ देशांचे प्रतिनिधी आले. ब्रिटिश पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी त्या काळात तिथूनच ‘कुरिए द ला कॉन्फरन्स’ हे फ्रेंच दैनिक चालवले. त्याच सुमारास कोरियाच्या सम्राटाने पाठवलेले तीन दूत हेगला पोचले होते. १९०५च्या करारान्वये कोरियाचे परराष्ट्र व्यवहार जपानच्या ताब्यात गेले होते. तो करार आपल्यावर लादला गेला आहे, हे त्यांना जगापुढे मांडायचे होते. परिषदेने त्यांना दारातच थोपवले, कारण कोरियाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आता जपानचा, हे बड्या राष्ट्रांनी मान्य केले होते. स्टेड यांच्या दैनिकाने मात्र या दूतांचे निवेदन छापले. ज्या प्रतिनिधींनी त्यांना भेट नाकारली, ते जमले होते त्याच शहरात, परिषदेसाठीच निघणाऱ्या दैनिकात त्यांचे म्हणणे आले. कोरिया त्यामुळे वाचला नाही. सम्राटालाच त्या जुलैत पदत्याग करावा लागला. पण कोरियाने ते जोखड राजीखुशीने पत्करले, असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून कोणाला उरली नाही.

बारा वर्षांनी पॅरिसमध्ये हेच भारताच्या वाट्याला आले आणि त्यात मुख्य भूमिका लोकमान्य टिळकांची होती. पहिले महायुद्ध संपले तेव्हा टिळक ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. डिसेंबर १९१८च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि सय्यद हसन इमाम यांची नावे सुचवली. ब्रिटिश सरकारने ती मानली नाहीत. भारताच्या नावाने पॅरिसला गेले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि सत्येंद्र प्रसन्न सिन्हा. टिळकांना पॅरिसचा पासपोर्ट नाकारण्यात आला. मग त्यांनी उभ्या आयुष्यात जे केले होते तेच केले, छापखान्याचा आश्रय घेतला. इंडियन होमरूल लीगच्या लंडन कार्यालयाने भारताच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कावर एक पुस्तिका छापली होती. जानेवारी १९१९च्या आरंभी टिळकांनी ती पत्रासह अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पाठवली आणि मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांच्याकडेही लेखी मागणी केली. विल्सन यांच्या खासगी सचिवाचे उत्तर आले: भारताच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी हाती घेतील, अशा आशयाचे. पुढे काही झाले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये न्विएन आय क्वोक या नावाने वावरणारा एक व्हिएतनामी तरुण अन्नामी, म्हणजे व्हिएतनामी, जनतेच्या आठ मागण्यांचे छापील पत्रक पॅरिसमधल्या शिष्टमंडळांना पोचवत होता. त्यालाही पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. जगाने पुढे त्याला हो ची मिन्ह म्हणून ओळखले.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. कोरियाचे निवेदन, टिळकांची पुस्तिका, अन्नामचे पत्रक, तिन्हींचा निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही. मग कागदाचे एवढे कौतुक कशासाठी? या आक्षेपाला बळ देणारे आणखी एक उदाहरण मीच देतो. १९२०च्या जानेवारीत हंगेरीच्या शिष्टमंडळाने भूगोलतज्ज्ञ पाल तेलेकी यांनी तयार केलेला एक नकाशा पॅरिसमध्ये मांडला. हंगेरियन वस्ती ठसठशीत लाल रंगात आणि विरळ वस्तीचा भाग पांढरा, अशी त्याची रचना होती. म्हणून तो ‘लाल नकाशा’ या नावानेच इतिहासात राहिला. मुद्रणकलेचा तो उत्तम नमुना होता आणि त्यामागे एका सरकारची ताकद होती. तरी जूनमध्ये त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. तेव्हा छापील कागद सत्तेचे पारडे फिरवतो, असा माझा दावा नाही. दावा वेगळा आहे. कागद नोंद निर्माण करतो आणि समोरच्याला उत्तर देण्याच्या बंधनात टाकतो. विल्सन यांच्या कचेरीला टिळकांना काहीतरी लिहून कळवावे लागले. त्या टाळाटाळीचाच पुढे पुरावा झाला. स्वयंनिर्णयाचे तत्त्व युरोपापुरते होते, हे आज आपण ठामपणे सांगू शकतो, कारण ते मागणारे कागद आणि त्यांना दिलेली थंड उत्तरे अभिलेखागारांत शिल्लक आहेत. मागणी तोंडी राहिली असती तर ती झालीच नव्हती, असे म्हणायला इतिहासकार मोकळे राहिले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. गोलमेज परिषदेत त्यांना खुर्ची होती, तरी १९३० साली त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना लेखी निवेदन म्हणून अल्पसंख्याक समितीपुढे ठेवली. केवळ भाषणावर ते विसंबले नाहीत. डिसेंबर १९४२मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात माँ त्रेंब्लां येथे इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्सची परिषद भरली. ती सरकारांची औपचारिक परिषद नव्हती, पण युद्धानंतरचे जग कसे असावे यावर मित्रराष्ट्रांतले अधिकारी आणि अभ्यासक तिथे विचार करत होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांनी या परिषदेसाठी अस्पृश्यांच्या प्रश्नावर प्रबंध लिहून पाठवला आणि पुढच्याच वर्षी तो भारतातही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. भारताच्या स्वातंत्र्याच्या चर्चेत अस्पृश्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न गाळला जाऊ नये, म्हणून त्यांनी तो थेट परिषदेच्या कागदपत्रांत दाखल केला. तिथे तो आजही आहे.

आता परिषदेच्या दारातून आत जाऊ, कारण कागदमुक्तीचा खरा फटका आत बसतो. हवामानविषयक वाटाघाटीत एकाच वेळी अनेक गट वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. मोठ्या देशाचे शेकड्यांनी प्रतिनिधी असतात. एखाद्या बेटराष्ट्राचे मोजके. शेजारच्या खोलीत काय ठरले हे त्यांना कळायचे कसे? या अडचणीतून १९९२ साली एक साधा उपाय निघाला. रिओच्या वसुंधरा परिषदेची पूर्वतयारी न्यूयॉर्कमध्ये चालू असताना तिघांनी दोन पानांचे एक दैनिक वार्तापत्र सुरू केले. दिवसभराच्या वाटाघाटींचा कोणत्याही बाजूला न झुकणारा वृत्तांत रात्री लिहायचा, छापायचा आणि सकाळी प्रतिनिधींच्या हाती द्यायचा. तेच पुढे ‘अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन’ झाले. पर्यावरण संघटनांचे ‘इको’ तर त्याहून जुने. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेपासूनचे. त्याची बाजू उघड असते आणि ती ते लपवत नाही. सकाळी एकच कागद अमेरिकेच्या आणि तुवालूच्या प्रतिनिधीच्या हातात असणे, दोघांनी तोच मजकूर वाचून खोलीत शिरणे, ही किमान समता आहे. पडद्यावर हे होत नाही असे नाही, पण तिथे आपल्याला काय उघडायचे हे आधी माहीत असावे लागते. कागद न शोधता समोर येतो. ज्याचा शोध घ्यावा हेच ठाऊक नाही, ते समोर येणे लहान शिष्टमंडळाला सर्वांत मोलाचे असते.

कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९च्या डिसेंबरात काय घडले ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १८ तारखेच्या रात्री काही मोजक्या देशांच्या नेत्यांनी एक मसुदा ठरवला. अध्यक्ष ओबामांनी पत्रकार परिषदेत करार झाल्याचे सांगितले आणि त्यानंतर मध्यरात्र उलटून गेल्यावर बाकीच्या देशांसमोर तो मसुदा आला. अध्यक्षस्थानी असलेल्या डॅनिश पंतप्रधानांनी त्यावर विचार करायला एक तास दिला. तुवालू, व्हेनेझुएला, बोलिव्हिया, सुदान यांच्या प्रतिनिधींनी जो संताप व्यक्त केला, त्यात मजकुराइतकाच पद्धतीविषयीचा राग होता. शेवटी परिषदेने तो मसुदा स्वीकारला नाही, त्याची फक्त ‘दखल’ घेतली. भारत त्या रात्री आतल्या खोलीत होता, बाहेरच्या रांगेत नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणूनच या प्रश्नावर बोलण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते. मसुदा सर्वांच्या हाती, त्यांच्या भाषेत, वाचून सल्ला घेता येईल इतका आधी पडला पाहिजे, हा नियम कागदाच्या काळात जन्मला. संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांसाठी कागदपत्रे सहा आठवडे आधी सहाही अधिकृत भाषांत वाटावीत, असा संकेत आहे. तो वारंवार मोडतो. पण छपाईला वेळ लागतो हे सर्वांना मान्य असल्यामुळे अध्यक्षाला थांबावे तरी लागत असे. संकेतस्थळावर मजकूर चढवायला क्षण पुरतो आणि ‘तुमच्यापर्यंत पोचला आहे’ असे म्हणून हातोडा आपटता येतो. छपाईचा विलंब हा दोष समजून आपण काढून टाकला. लहान देशांसाठी तोच विचाराचा अवधी होता.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कागद वाचणाऱ्याची नोंद कोणाकडे होत नाही. २००९च्या लंडन जी-२० बैठकांत ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेने प्रतिनिधींचे ईमेल वाचता यावेत म्हणून इंटरनेट कॅफे उभारले होते, हे अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचे माजी कंत्राटी कर्मचारी स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे ‘द गार्डियन’ने २०१३ साली छापले. कोपनहेगनच्या वाटाघाटींवर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची पाळत होती, हे पुढच्या वर्षी एका डॅनिश दैनिकाने प्रसिद्ध केले. २०२२ साली इजिप्तमधल्या हवामान परिषदेच्या अधिकृत मोबाइल ॲपबद्दल सायबरसुरक्षा तज्ज्ञांनी इशारे दिले. अशा जागी एखाद्या लहान देशाच्या प्रतिनिधीने कोणत्या संघटनेचे कोणते टिपण उघडले, किती वेळ वाचले, कोणाला पाठवले, हे यजमानाला कळणे अशक्य नाही. टेबलावरून उचललेला कागद खिशात घालून तो आपल्या खोलीत वाचू शकतो. हुकूमशाही देशातून आलेल्या, आपल्याच सरकारच्या नजरेखाली असलेल्या प्रतिनिधीला ही मोकळीक किती मोठी वाटत असेल, याची कल्पना करून पाहावी.

आता विरोधी बाजू. पर्यावरणाचा आक्षेप मी मनापासून मानतो. कागदासाठी लाकूड, पाणी आणि ऊर्जा खर्ची पडते आणि परिषद संपल्यावर न वाचलेली पत्रके कचऱ्यात जातात, हे खरे आहे. पण प्रमाणाचे भान हवे. हजारो माणसे विमानाने येणाऱ्या परिषदेचा कार्बन मोजायचा तर त्यातला सर्वांत मोठा वाटा विमानप्रवासाचा असतो. त्याला हात लावायचा नाही, शिष्टमंडळांची वाढती संख्या आवरायची नाही आणि पत्रके बंद करून हरित झाल्याचे जाहीर करायचे, हा दिखावा आहे. ज्या बचतीची किंमत फक्त दुबळ्यांनी मोजायची, ती बचत सगळ्यांच्या नावावर जमा करू नये. अंध प्रतिनिधींना आणि दूर गावी बसलेल्या कार्यकर्त्याला डिजिटल मजकूरच उपयोगी, हा मुद्दा तर वादातीत आहे. तो मजकूर असलाच पाहिजे. प्रश्न त्याच्या जोडीला कागद ठेवायचा की नाही, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप प्रचाराचा, आणि तो जास्त बोचरा आहे. छापील साहित्य म्हणजे दुबळ्यांचा आवाज, हे चित्र एकांगी आहे. गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पुस्तिका सरकारे आणि कंपन्याच सर्वांत जास्त वाटतात. याहून वाईटही घडले आहे. २००१ साली दरबानमध्ये वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद झाली. भारतातल्या दलित संघटनांचे कार्यकर्ते तिथे मोठ्या संख्येने गेले होते. जातिभेदाचा उल्लेख अंतिम जाहीरनाम्यात यावा ही त्यांची मागणी आणि त्याला भारत सरकारचा विरोध, असा तो संघर्ष होता. जाहीरनाम्यात जात आली नाही. पण प्रश्न संपला नाही: पुढच्याच वर्षी वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जन्माधारित भेदभावावर स्वतंत्र शिफारस काढली आणि तिच्यात जातिव्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख केला. त्याच दरबानमध्ये, स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात, ज्यूंची हिडीस व्यंगचित्रे छापलेली पुस्तिका वाटली गेली. म्हणजे एकाच आवारात माणुसकीची मागणी करणारा कागदही होता आणि द्वेषाचाही. आक्षेप घेणारे विचारतात, मग हे सगळेच बंद का करू नये? माझे उत्तर दरबानमध्येच आहे. मानवी हक्कांच्या उच्चायुक्त मेरी रॉबिन्सन यांनी ती पुस्तिका हातात धरून सर्वांसमोर तिचा निषेध केला आणि पुढे मेळाव्याचा जाहीरनामाच शिफारसीसह पुढे पाठवायला नकार दिला. छापील द्वेष हातात धरता येतो, तो कोणी वाटला हे विचारता येते, त्याला उत्तर देता येते. निनावी खात्यांवरून प्रतिनिधींच्या फोनवर येणाऱ्या द्वेषाला असा मालक नसतो.

दडपशाहीच्या बाबतीतही हेच. २००९च्या नोव्हेंबरात शर्म अल-शेख येथे इंटरनेट शासनावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंचात इंटरनेट सेन्सॉरशिपवरच्या एका पुस्तकाचे पोस्टर लावले होते. त्यावर चीनच्या इंटरनेट निर्बंधांचा उल्लेख होता म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षारक्षकांनी ते काढून नेले. ते काढताना शेजारी माणसे उभी होती, त्यांनी चित्रण केले आणि जगभर बातमी झाली. एखाद्या यादीतून एक दुवा गायब झाला असता तर कोणाच्या लक्षात आले असते? कागदावरची सेन्सॉरशिप करायला माणूस पाठवावा लागतो, आणि तो माणूस दिसतो.

म्हणून पूर्वीचा कागदाचा पूर परत आणा, असे मी म्हणत नाही. मर्यादा घालाव्यात, त्याही सर्वांना सारख्या. मान्यताप्राप्त प्रत्येक संस्थेला एक पान, दोन्ही बाजूंनी, काळ्या शाईत; सरकारे आणि कंपन्यांनाही तेवढेच. रंगीत पुस्तिका आणि भेटवस्तूंच्या पिशव्या बंद झाल्या तर बरेच वजन आपोआप घटेल. ते एक पान ठेवायला सभागृहाच्या वाटेवर टेबल असावे, प्रदर्शनाच्या टोकाच्या तंबूत नव्हे. अंतिम मसुदा मात्र प्रत्येक शिष्टमंडळाला त्याच्या अधिकृत भाषेत छापून मिळावा आणि तो हाती पडल्यापासून ठरावीक तास गेल्याशिवाय अध्यक्षांनी तो मंजुरीला टाकू नये. सरकारे स्वतःच्या मौल्यवान गोष्टींसाठी आजही कागदच वापरतात: २२ एप्रिल २०१६ला न्यूयॉर्कमध्ये पॅरिस करारावर १७५ पक्षांनी सह्या केल्या त्या कागदावरच. सहीसाठी कागद विश्वासाचा आणि वाचण्यासाठी मात्र उधळपट्टीचा, ही विभागणी मला समजत नाही.

हे बदल शिखर परिषदांच्या व्यासपीठावर ठरत नाहीत. कागदपत्रांचे भाषांतर, छपाई आणि वाटप यांवर किती पैसे खर्च करायचे हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पाचवी समिती, म्हणजे अर्थसंकल्पाची समिती, ठरवते. तिच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत क्वचितच येतात. तिच्यात प्रत्येक देशाला एक मत आहे आणि जी-७७ गट एकत्र राहिला तर विकसनशील देशांचे पारडे जड असते. खर्चकपातीची कात्री चालवली जाते तेव्हा दुभाषे आणि छपाई यांच्या रकमा बिनबोभाट खाली येतात. भारताच्या प्रतिनिधींनी तिथे उभे राहून अंतिम मसुद्याच्या छापील प्रती आणि त्या वाचायला मिळणारा वेळ या दोन बाबी कपातीतून वगळण्याचा ठराव आणावा. बेटराष्ट्रे आणि आफ्रिकेतले लहान देश त्याच्या मागे उभे राहतील, कारण कोपनहेगनची ती रात्र त्यांच्या आठवणीत आहे.